साहेबाचे दोन कायदे

पोस्ट लांब झालीय. पण हा विषय तुकड्यातुकड्यात लिहिला की भांडणाशिवाय हाती काही लागत नाही, म्हणून सलग लिहितोय.

युरोपात कुठे कुराण जाळलं किंवा कुठे व्यंगचित्र छापलं, की आपल्याकडच्या ग्रुपांवर दोन ठरलेले मेसेज फिरायला लागतात. पहिला असा, की युरोप म्हणजे अभिव्यक्ती स्वातंत्र्य, आणि मुसलमान तिथे जाऊन ते मोडताहेत. दुसरा असा, की युरोपला मुसलमानांना मुद्दाम डिवचायचं असतं, स्वातंत्र्य हे निव्वळ निमित्त. दोन्ही मेसेज एक गोष्ट गृहीत धरतात, ती म्हणजे धर्मावर वाट्टेल ते बोलायची मुभा युरोपात पूर्वापार होती आणि मुसलमान आल्यावर पहिल्यांदा तिला आडकाठी आली.

हे खरं नाही. ईशनिंदेचा गुन्हा इंग्लंडमध्ये २००८ सालापर्यंत होता. नेदरलँड्समध्ये २०१४ पर्यंत, नॉर्वेत २०१५ पर्यंत, डेन्मार्कमध्ये २०१७ पर्यंत. आयर्लंडने तर २०१८ साली सार्वमत घेऊन तो शब्द घटनेतून काढला. म्हणजे आपल्या हातात स्मार्टफोन आले तेव्हाही यातल्या बहुतेक देशांत देवाची निंदा हा कागदोपत्री गुन्हाच होता.

इंग्लंडचं प्रकरण जरा तपशिलात सांगतो. त्यात आपलाही वाटा आहे.

१६७६ साली टेलर नावाच्या माणसावर खटला झाला. धर्म म्हणजे फसवणूक, असं काहीतरी तो बोलला होता. सरन्यायाधीश मॅथ्यू हेल यांनी निकाल दिला की ख्रिस्ती धर्म हा इंग्लंडच्या कायद्याचाच भाग आहे, त्यामुळे धर्माची निंदा म्हणजे राज्याची निंदा. पुढे १६९७ साली स्कॉटलंडमध्ये एडिंबरोला थॉमस एकनहेड या वीस वर्षांच्या विद्यार्थ्याला ईशनिंदेसाठी फासावर चढवलं. ब्रिटनमधली ही अशी शेवटची फाशी. १८३८ साली आणखी एका खटल्यात न्यायाधीशांनी स्पष्टच करून टाकलं, की हा कायदा फक्त इंग्लंडच्या अधिकृत चर्चच्या श्रद्धेला संरक्षण देतो. ज्यू धर्मावर, इस्लामवर किंवा ख्रिस्ती धर्माच्या इतर पंथांवर टीका केली तर या कायद्याचं काही म्हणणं नाही.

जॉन विल्यम गॉट नावाचा एक फिरता नास्तिक प्रचारक होता. येशूच्या जेरुसलेम प्रवेशाची तुलना त्याने सर्कशीतल्या विदूषकाशी केली. १९२१ साली त्याला नऊ महिने सक्तमजुरी झाली. त्यानंतर हा कायदा झोपला, लोकांना वाटलं मेला. पण १९७७ साली मेरी व्हाइटहाउस या बाईंनी 'गे न्यूज' या नियतकालिकाला एका कवितेवरून कोर्टात खेचलं. संपादक डेनिस लेमन दोषी ठरले. अपिलात तुरुंगवासाची टांगती शिक्षा रद्द झाली, पण दोष कायम राहिला, आणि १९७९ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने तीन विरुद्ध दोन मतांनी त्यावर शिक्कामोर्तब केलं. म्हणजे ज्या लंडनला आपण उदारमतवादाची काशी समजतो, तिथे तेव्हाही येशूबद्दलच्या कवितेसाठी संपादक गुन्हेगार ठरत होता.

आता त्याच साहेबाने आपल्याकडे काय केलं ते बघा.

१८६० च्या भारतीय दंड संहितेत धर्माविषयीच्या गुन्ह्यांचं एक वेगळं प्रकरणच आहे. त्यात कुठल्याही एका धर्माचं नाव नाही. देऊळ, मशीद, चर्च, कशाचीही विटंबना गुन्हा. कुणाच्याही धार्मिक भावना हेतुपूर्वक दुखावणं गुन्हा. राज्य चालवायचं तर शंभर धर्मपंथांची भांडणं नकोत, हा त्यामागचा व्यवहार. मग १९२४ साली लाहोरला 'रंगीला रसूल' हे प्रेषितांच्या खासगी आयुष्यावरचं पुस्तक निघालं. प्रकाशक राजपाल यांच्यावर खटला झाला. खालच्या कोर्टाने शिक्षा दिली, पण १९२७ मध्ये लाहोर उच्च न्यायालयाने सोडून दिलं. असलेल्या कलमात हे बसत नाही, असं न्यायमूर्तींचं म्हणणं. त्यावर मोठा क्षोभ उसळला आणि सरकारने त्याच वर्षी नवं कलम घातलं, २९५ अ. विधेयकावर चर्चा चालू असताना जिन्नांनी सुद्धा इशारा दिला होता, की इतिहासाचा प्रामाणिक अभ्यास करणारे आणि धर्माची चिकित्सा करणारे यात भरडले जाऊ नयेत. कलम आलं तरी राजपाल वाचले नाहीत. १९२९ साली त्यांना भोसकून मारलं. मारणाऱ्याला फाशी झाली आणि एका वर्गाचा तो हुतात्मा झाला.

म्हणजे राज्य एकच, कायदे दोन. लंडनमध्ये फक्त आपल्या चर्चची श्रद्धा जपायची. लाहोर-मुंबईत सगळ्यांच्या भावना जपायच्या. तुमच्या धर्माचा अपमान झाला तर सरकारकडे या, सरकार बंदी घालेल, ही सवय आपल्या उपखंडाला साहेबानेच लावली. आजही ती गेलेली नाही.

ही सवय मग बोटीत, विमानात बसून इंग्लंडला गेली. ब्रॅडफर्ड हे उत्तर इंग्लंडमधलं लोकरीच्या गिरण्यांचं शहर. तिथल्या रात्रपाळ्यांना माणसं हवी होती. इकडे पाकव्याप्त काश्मिरात साठच्या दशकात मंगला धरण बांधलं गेलं, मीरपूर भागातले लाखभर लोक उठले. त्यातले बरेच ब्रॅडफर्डला गेले. पुढे गिरण्या बंद पडत गेल्या, माणसं तिथेच राहिली. त्यांची मुलं तिथल्या शाळांत शिकली. शाळेत हलाल जेवण मिळावं म्हणून त्यांनी अर्ज केले, नगर परिषदेत गेले, मिळवलं. १९८५ मध्ये मोहम्मद अजीब शहराचे लॉर्ड मेयरसुद्धा झाले. अर्ज, निवेदन, निवडणूक हा मार्ग त्यांना चांगला ठाऊक होता.

२६ सप्टेंबर १९८८ ला सलमान रश्दींचं 'सॅटॅनिक व्हर्सेस' लंडनमध्ये प्रसिद्ध झालं. मुंबईत जन्मलेला हा लेखक. दहा दिवस व्हायच्या आत, ५ ऑक्टोबरला, भारत सरकारने सीमाशुल्क कायद्याखाली पुस्तकाच्या आयातीवर बंदी घातली. इराणने नव्हे, आपण. त्या बंदीची अधिसूचना २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात कुणालाच सादर करता आली नाही, शेवटी ती अस्तित्वातच नाही असं धरून कोर्टाने प्रकरण मिटवलं! तो वेगळा विनोद.

ब्रिटनमधल्या मुसलमानांनी आधी प्रकाशकाला पत्रं लिहिली, सरकारला निवेदनं दिली. उत्तर आलं की कायद्यात असं काही करता येत नाही. २ डिसेंबर १९८८ ला बोल्टन गावात सातेक हजार लोकांनी मोर्चा काढून पुस्तक जाळलं. कुणी फारशी दखल घेतली नाही. १४ जानेवारी १९८९ ला ब्रॅडफर्डला पुन्हा जाळलं, या वेळी कॅमेरे हजर होते. तो फोटो जगभर गेला आणि पुस्तकं जाळणारा मुसलमान हे चित्र युरोपच्या डोक्यात पक्कं बसलं. नाझींनी पुस्तकं जाळली होती त्याची आठवण असलेल्या खंडात याचा अर्थ काय होतो, हे ब्रॅडफर्डच्या मंडळींना कळलंच नाही. पत्रकार म्हणून मला यातली एक गोष्ट खटकते. महिनोन् महिने दिलेल्या निवेदनांची बातमी झाली नाही. आगीची झाली.

महिन्याभरात, १४ फेब्रुवारीला, खोमेनींचा फतवा आला. त्यानंतर ब्रिटनमधल्या मुसलमानाचं म्हणणं काय होतं, हे ऐकायला कुणी उरलंच नाही. रश्दी भूमिगत झाले. ज्या थॅचरबाईंची त्यांनी पुस्तकात टिंगल केली होती, त्यांच्याच सरकारने त्यांना पोलीस संरक्षण दिलं. जपानी अनुवादक हितोशी इगाराशी यांचा १९९१ मध्ये खून झाला. इटालियन अनुवादकावर त्याच वर्षी चाकूहल्ला झाला, नॉर्वेच्या प्रकाशकावर १९९३ मध्ये गोळ्या झाडल्या. रश्दींना स्वतःला चाकू लागला तो २०२२ मध्ये, न्यूयॉर्क राज्यात, भाषणाच्या मंचावर. एक डोळा गेला. इथे 'पण' लावायचा नाही. पुस्तकाला चाकूने उत्तर देणारा गुन्हेगार आहे आणि त्याला पाठीशी घालणाराही.

पण कोर्टात काय झालं ते सांगितल्याशिवाय हा इतिहास पुरा होत नाही, आणि हा भाग कुणी सांगत नाही. चौधरी नावाच्या एका ब्रिटिश मुसलमान नागरिकाने रश्दी आणि प्रकाशक यांच्यावर ईशनिंदेचा खटला भरायची परवानगी मागितली. म्हणजे तो देशाच्या कायद्यानेच चालला होता. १९९० मध्ये न्यायालयाने उत्तर दिलं, की हा कायदा फक्त ख्रिस्ती धर्मासाठी आहे, तुमच्यासाठी नाही. कायदा वाढवायचा असेल तर ते काम संसदेचं.

कायद्याच्या अंगाने निकाल बरोबर होता. पण त्या माणसाच्या जागी उभं राहून बघा. टीव्हीवर रोज सांगितलं जातंय, की इथे अभिव्यक्ती स्वातंत्र्य आहे, इथे धर्माला वेगळं संरक्षण नसतं. आणि कोर्ट सांगतंय, की संरक्षण असतं, फक्त तुमच्या धर्माला नसतं. त्याला अपमान पुस्तकामुळे जास्त वाटला असेल की या उत्तरामुळे?

भरीस भर म्हणजे १९८३ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने एका शाळकरी मुलाच्या पगडीच्या खटल्यात शीख हा वंशगट मानला. त्यामुळे वंशभेदविरोधी कायद्याचं संरक्षण शिखांना होतं, ज्यूंना होतं. मुसलमान अनेक वंशांचे, म्हणून त्यांना मुसलमान म्हणून ते नव्हतं. सरकारी अनुदान अँग्लिकन, कॅथलिक आणि ज्यू शाळांना कित्येक वर्षं मिळत होतं. पहिल्या मुस्लीम शाळांना ते १९९८ मध्ये मिळालं.

हा असमान हिशेब मिटवायचे दोन रस्ते होते. एक भारतातला, म्हणजे सगळ्यांच्या देवांना संरक्षण. दुसरा, म्हणजे कुणाच्याच देवाला नाही, पण सगळ्या माणसांना. ब्रिटन बरीच वर्षं घोळ घालत शेवटी दुसऱ्या रस्त्याने गेलं. २००६ साली धार्मिक द्वेषाविरुद्धचा कायदा झाला. सरकारला तो कडक हवा होता. 'मिस्टर बीन'वाले रोवन ॲटकिन्सन विरोधात उभे राहिले, की मग धर्मावर विनोदच करता येणार नाही. संसदेत सरकार एका मताने हरलं, आणि पंतप्रधान ब्लेअर स्वतः त्या मतदानाला हजर नव्हते! त्यामुळे कायदा सौम्य झाला. माणसांविरुद्ध धमकीच्या भाषेत द्वेष पेटवायचा तर गुन्हा, धर्माची टीका, टिंगल, निंदा मोकळी. आणि २००८ मध्ये हेलसाहेबांचा तो जुना ईशनिंदेचा गुन्हा इंग्लंडने रद्द केला.

हा रस्ता बरोबर का, हे १९८९ मध्येच काही बायकांनी रस्त्यावर उभं राहून सांगितलं होतं. २७ मे १९८९ ला लंडनमध्ये रश्दींविरुद्ध मोठा मोर्चा निघाला. तेव्हा पार्लमेंट चौकात मूठभर बायका फलक घेऊन उभ्या राहिल्या. त्यात आशियाई होत्या, आयरिश होत्या, मुसलमान घरांतल्याही होत्या. एका बाजूने मोर्चातले तरुण त्यांना शिव्या देत होते, दुसऱ्या बाजूने नॅशनल फ्रंटचे गोरे गुंड अंगावर येत होते. त्यांचं म्हणणं साधं होतं. धर्माला कायद्याचं संरक्षण दिलं, तर धर्म म्हणजे काय हे ठरवायचा अधिकार समाजातल्या दाढीवाल्या पुढाऱ्यांकडे जातो, आणि घरातल्या मुलीने तोंड उघडलं की तीच ईशनिंदा ठरते. मला या सगळ्या इतिहासात सर्वांत शहाणी बाजू याच बायकांची वाटते.

आता डेन्मार्क. ३० सप्टेंबर २००५ ला 'युलांड्स-पोस्टेन' या दैनिकाने प्रेषितांची १२ व्यंगचित्रं छापली. याच दैनिकाने २००३ मध्ये येशूवरची व्यंगचित्रं वाचक चिडतील म्हणून परत पाठवली होती. अकरा मुस्लीम देशांच्या राजदूतांनी भेट मागितली, पंतप्रधान रासमुसेन यांनी नाकारली. तिथल्या मुसलमान संघटनांनी ईशनिंदेच्या कलमाखाली तक्रार केली. कलम होतं, १९३८ मध्ये ज्यूंविरुद्ध पत्रकं लावणाऱ्यांना त्याखाली शिक्षाही झाली होती. पण या वेळी सरकारी वकिलांनी खटला चालवायला नकार दिला. दरम्यान काही इमाम कागदपत्रांचा गठ्ठा घेऊन इजिप्त आणि लेबनॉनला गेले. त्या गठ्ठ्यात वर्तमानपत्राने कधीच न छापलेली तीन चित्रंही होती, ती मूळ बारांपेक्षा कितीतरी घाणेरडी. २००६ च्या फेब्रुवारीत दमास्कस आणि बैरूतमध्ये डेन्मार्कच्या वकिलाती पेटल्या. वेगवेगळ्या देशांत मिळून शंभरावर माणसं मेली.

२०१७ मध्ये डेन्मार्कने ईशनिंदेचं कलम रद्द केलं. छान झालं, असं म्हणावं तर २०२३ मध्ये कुराण जाळण्याचे प्रकार वाढले, मुस्लीम देशांचा दबाव आला, हल्ल्याची भीती आली, आणि डिसेंबरमध्ये ९४ विरुद्ध ७७ मतांनी नवा कायदा झाला. धर्मग्रंथाची जाहीर विटंबना केली तर दोन वर्षांपर्यंत कैद.

यातून तिथला मुसलमान नागरिक काय शिकला असेल? २००६ मध्ये त्याने देशाच्या कायद्याने तक्रार केली तेव्हा उत्तर नाही आलं. २०२३ मध्ये परदेशी सरकारं आणि बॉम्बची भीती आली तेव्हा उत्तर हो आलं. बोल्टन आणि ब्रॅडफर्डचा धडा तोच. अर्जाला किंमत नाही, आगीला आहे. उदारमतवादाचं यापेक्षा वाईट शिक्षण दुसरं नाही.

आणि स्वातंत्र्याचा झेंडा घेतलेल्या सगळ्यांनाच स्वातंत्र्य हवं असतं असंही नाही. नेदरलँड्सचे गिर्ट विल्डर्स स्वतःच्या बोलण्यासाठी अभिव्यक्ती स्वातंत्र्य मागतात आणि त्यांनीच २००७ मध्ये कुराणावर बंदीची मागणी केली होती. स्वित्झर्लंडने २००९ मध्ये सार्वमत घेऊन मशिदींच्या नव्या मिनारांवर घटनेतच बंदी घातली. तेव्हा सबंध देशात मिनार होते चार! माझी टिंगल सहन कर म्हणायचं आणि तुझा मिनार मला सहन होत नाही म्हणायचं, याला स्वातंत्र्य म्हणत नाहीत. तुम्ही मुसलमानाला म्हणता ना, की अपमान गिळायला शीक, तो इथल्या नागरिकत्वाचा भाग आहे? मग नागरिकत्वाचा बाकीचा भागही त्याच्या पदरात पडला पाहिजे. मशीद, नोकरी, घर, पोलिसांची वागणूक, सगळं.

७ जानेवारी २०१५ ला पॅरिसमध्ये 'शार्ली एब्दो'च्या कचेरीत शिरून दोघांनी गोळीबार केला, बारा जण मारले. मेलेल्यांत एक मुस्तफा उराद, अल्जेरियात जन्मलेला, मुद्रितं तपासणारा. दुसरा अहमद मेराबे, रस्त्यावर पडलेला असताना डोक्यात गोळी घातलेला मुसलमान पोलीस. दोन दिवसांनी ज्यू दुकानावर हल्ला झाला, तेव्हा गिऱ्हाइकांना तळघरातल्या शीतगृहात लपवणारा लसाना बाथिली हा मालीहून आलेला मुसलमान कामगार. युरोपातला मुसलमान म्हटल्यावर आपल्याला मारणारे दोघेच का आठवतात?

हे सगळं मी इथे बसून का लिहितोय? कारण साहेबाने स्वतःचा कायदा काढून टाकला, पण त्याने आपल्याला दिलेला आपण जपून ठेवलाय. २९५ अ आता भारतीय न्याय संहितेत २९९ झालंय, शब्द जवळपास तेच. २४ फेब्रुवारी १९८९ ला रश्दींविरुद्ध ब्रिटिश वकिलातीकडे निघालेल्या मोर्चावर मुंबईत गोळीबार झाला आणि बारा माणसं मेली. पुस्तकावर आपल्याकडे आधीच बंदी होती, तरीही. २०१५ मध्ये शिरीन दळवी या उर्दू दैनिकाच्या संपादिकेने बातमीसोबत 'शार्ली'चं मुखपृष्ठ छापलं. त्यांनी माफी मागितली, तरी गुन्हे दाखल झाले, अटक झाली, आवृत्ती बंद पडली. युरोपात नव्हे, मुंबई-मुंब्र्यात. मुसलमान बाईला मुसलमानांच्या भावना दुखावल्याबद्दल. पार्लमेंट चौकातल्या बायका नेमकं हेच म्हणत होत्या.

बातमीदारीत पोलीस ठाण्यासमोर भावना दुखावलेले जमाव मी पुष्कळ पाहिलेत. सगळ्या धर्मांचे, सगळ्या जातींचे. निवेदनावर सही करणाऱ्या दहातल्या नऊ जणांनी मूळ मजकूर वाचलेला नसतो. ठाणे अंमलदाराला ते कळतं, पुढाऱ्याला कळतं, आम्हालाही कळतं. तरी गुन्हा दाखल होतो, कारण बाहेर गर्दी आहे. एकट्या माणसाचा अर्ज मात्र टेबलावर पडून राहतो. सगळ्यांना समान संरक्षण देणारा कायदा प्रत्यक्षात ज्याची गर्दी मोठी त्याचा होतो. अल्पसंख्याकाने त्यावर विसंबू नये, तो कधी उलटेल सांगता येत नाही.

शेवटचं एक. फेब्रुवारी २०२५ मध्ये लंडनच्या तुर्की वकिलातीसमोर एकाने कुराण जाळलं. जूनमध्ये त्याला सार्वजनिक सुव्यवस्थेच्या कलमाखाली २४० पौंड दंड झाला. ऑक्टोबरमध्ये वरच्या कोर्टाने तो रद्द केला. इंग्लंडमध्ये ईशनिंदा हा गुन्हा राहिलेला नाही, हे त्या निकालात पुन्हा एकदा बजावलं गेलं. मला स्वतःला ग्रंथ जाळणारा माणूस आवडत नाही, कुठलाही ग्रंथ असो. पण १९९० मध्ये त्या चौधरींना मिळालेल्या उत्तरापेक्षा हे उत्तर प्रामाणिक आहे. आता तिथे कोर्ट मुसलमानाला म्हणतं, की तुझ्या धर्माला संरक्षण नाही आणि आमच्याही नाही. या वाक्याचा दुसरा अर्धा भाग यायला तीनशेहून जास्त वर्षं लागली. पहिला अर्धा भाग मुसलमानाला ऐकवायचा हक्क युरोपला त्यानंतरच मिळाला.